गालावरचा मुरूम

न्हाणीघराची कडी खट्कन वाजली आणि स्वयंपाकघरातल्या तिघींनी माना वर केल्या. थोरली पाऊण तासाने बाहेर येत होती. गालांना टॉवेल दाबलेला, डोळे लाल.

"मला शाळेत जायचं नाहीये."

"काल काय म्हणाली पोरं?" आईने विचारलं.

"म्हणाली, हिच्या गालावर मुरूम टाकून झालाय. आता डांबर कधी पडणार?"

धाकटीला फिस्सकन हसू आलं. आत्याने तिला डोळ्यांनीच दटावलं. ही आईची नणंद, नवऱ्याची मोठी बहीण. एकटी पडली तशी चार वर्षांपूर्वी इथे राहायला आली, आणि मुलींना तिच्यावाचून घास उतरत नसे.

"काकडी किसून देऊ का गं? थंड वाटेल," आत्या म्हणाली.

"तुझी काकडी, तुझा मध! चार महिने तेच चाललंय. काय उपयोग झाला?" थोरली आतल्या खोलीत गेली आणि दार आपटलं. महिनाभरात तिचे शाळेचे अकरा दिवस बुडाले होते. मैत्रिणी फोन करायच्या, ती घ्यायची नाही.

आई एका फोटो स्टुडिओत कामाला होती. दिवसभर पडद्यावर लोकांचे चेहरे मोठे करायचे आणि एकेक डाग टिपून काढायचा. निघताना गिऱ्हाईक हमखास म्हणायचं, "जरा उजळही करा हं." ती करायची. कुणी तक्रार घेऊन परत आलं नव्हतं. घरातल्या या एका चेहऱ्यापुढे मात्र तिने हात टेकले होते.

शेवटी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि थोरलीला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"तेलकट खाते म्हणून झालं का हो?" तिने बसल्या बसल्या विचारलं.

"सगळं खापर जिभेवर फोडू नका. या वयात शरीर बदलतं, कातडीखालचं तेल वाढतं, छिद्रं बुजतात, मुरूम येतात. ते घासून जात नाहीत आणि नखं लावली तर डाग ठेवून जातात." डॉक्टरीणबाईंनी दिवा जवळ ओढला, भिंग धरलं आणि त्यांचा आवाज बदलला. "पण हे तसलं नाही. सगळे एका मापाचे, एकदम आलेले. कातडी किती पातळ झालीय बघा, शिरा दिसतायत. उन्हात चुरचुरतं का गं?"

"खूप."

"आणि त्याआधी थोडे दिवस रंग उजळला होता?"

"हो. सगळे म्हणायचे, छान दिसतेस."

"काय लावतेस तोंडाला?"

"काकडी, मध. आणि साधं क्रीम. आई आणते ते."

"मलम नाही? गजकर्णावरचं? त्यात स्टेरॉइड असतं. लोक गोरं व्हायला फासतात आणि मग माझ्याकडे येतात."

"शी! मला नकोच आहे गोरं व्हायला. मी आहे तशी बरी होते."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मग हे तुझ्या नकळत झालंय, बाळा."

आईने खुर्चीची कड घट्ट धरली. "ते बंद केलं की जाईल ना?"

"आधी आणखी उसळेल. मग हळूहळू उतरेल. जेल देते, उन्हासाठी लोशन देते. सहा महिने धीर धरा. डाग किती राहतील ते मात्र आज नाही सांगता येणार. आणि ते मलम घरात कुणाकडे आहे, ते आधी शोधा."

संध्याकाळी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि सरळ आत्याचं कपाट उघडलं. वरच्याच कप्प्यात ट्यूब होती, पिळून पिळून चपटी झालेली.

"अक्का, हे काय?"

"माझ्या कमरेवर गजकर्ण आहे, माहितीये ना तुला? तूच तर आणून देतोस."

"दर पंधरा दिवसांनी देतो. एवढं लागतं एका कमरेला?"

"तेच कळत नाही रे. हल्ली लवकर संपतं."

"आणि काकडी कोण चोळायचं तिच्या तोंडाला?"

आत्याने थोरलीकडे पाहिलं. थोरलीने भिंतीकडे तोंड फिरवलं. "आत्या, मी तुझं काय वाकडं केलं होतं गं?" ती म्हणाली, आणि तिला हुंदका आला.

"अगं, मी नाही..." आत्या आईकडे वळली. "तू तरी सांग याला."

आई ओट्याजवळ उभी होती. पुसलेला ओटा पुन्हा पुसत होती.

"वन्सं मुद्दाम नाही करणार हो," ती नवऱ्याला म्हणाली.

एवढं पुरलं. त्यानंतर कुणी कुणाला काही विचारलं नाही.

सकाळी आत्याने बॅग भरली. चुलत बहिणीकडे जाते म्हणाली, चार दिवस. बॅगेत कपडे मात्र सगळे होते. निघताना ती थोरलीच्या दारावर दोनदा टकटक करून थांबली. दार उघडलं नाही. नवरा बॅग घेऊन पुढे झाला, ती जिन्याचा कठडा धरत मागून उतरली.

आई दारातच खाली बसली आणि धाकटीच्या बुटांचे बंद बांधू लागली. गाठ सुटत होती. तिने पुन्हा बांधली, पुन्हा सुटली. धाकटी बराच वेळ तिच्या बोटांकडे बघत राहिली.

"आई, आत्याचं मलम ताईच्या क्रीममध्ये तर तू कालवायचीस ना? मग आत्या का गेली?"