पिंपाचं झाकण

जहाज सिंगापूर सोडून निघालं आणि इंजिनिअर प्रतापला आठवलं, घरी बिअर बनवायचं पिंप आपण धुतलं खरं, पण जहाजावरच्या सवयीने ओलं असतानाच झाकण गच्च आवळलं! त्या दमट हवेत आत बुरशी माजणार. वासानेच नाक मुरडणारी त्याची बायको योगिनी काही त्याला हात लावणार नव्हती.

काही महिन्यांनी परतल्यावर तो बंदरातून तडक सिंगापुरातल्याच बेडोक भागातल्या आपल्या फ्लॅटवर धावला. पिंप उघडं, लख्ख! पिंपाची नळी खिडकीबाहेरच्या कपडे वाळवायच्या बांबूवर साडीशेजारी ठिबकत होती.

"अगं, नळी आज कशाला धुतलीस?"

"मग काय, बाटल्या भरून झाल्यावर तशीच ठेवू?" योगिनीने फेसाळता ग्लास त्याच्यापुढे धरला. "मी केलेल्या आधीच्या दोन खेपा बिघडल्या, मोरीत ओतल्या. ही जमलीय! घे, आणि तोंड वाकडं केलंस तर बघ!"