जुन्या साहेबांची जीभ

प्रमुखांची लाल पेन्सिल नकाशावर टेकणार, तोच सर्वेक्षक पोरगी आडवी आली.

"सर, हा पट्टा क्षारपड नाही. वर चुनखडीचे खडे पसरलेत, म्हणून उपग्रहाच्या चित्रात पांढरा दिसतोय. जुन्या नकाशात इथं चांगली जमीन दाखवलीय."

पट्टा पायाखालीच होता. लाल रेघ पडली, की ही ऐंशी शेतं कालव्याच्या आराखड्यातून बाद. नकाशा उद्या वर जायचा होता, आणि क्षार मोजायचं यंत्र नेमकं आजच रुसलं होतं.

"जुना नकाशा चाळीस वर्षांपूर्वीचा. क्षार नंतरही वर येतात," प्रमुख म्हणाले. "जुने साहेब माती जिभेवर ठेवून सांगायचे. त्यांची एक रेघ आजवर चुकली नाही. ते असते तर डोळे झाकून मानलं असतं. तशी जीभ आता आणायची कुठून?"

जुन्या साहेबांच्या जिभेचे किस्से कचेरीत नव्या माणसाला चहाच्या आधी मिळत. त्यापुढे पोरीची काय टाप!

सुट्टीचा दिवस म्हणून आज तिनं आईलाही जीपमध्ये घातलं होतं. आई तरुणपणी याच खात्यात रोजंदारीवर खड्डे खणायची. हा माळ तिला एकदा परत बघायचा होता. ती खाली उतरली, उकिडवी बसली, चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकली.

"खारट नाही. नुसती कचकचतेय. हातभर खाली काळी लागेल, कमरेएवढ्यावर मुरूम."

प्रमुख गालातल्या गालात हसले. पोरीनं मात्र खालची माती वर काढायचं गिरमिट रोवलं आणि पिळायला लागली. हातभरावर काळीभोर माती वर आली. आईनं तीही चाखली. "गोड आहे." पोरगी घामाघूम झाली. कमरेएवढ्या खोलीवर गिरमिट मुरमात अडलं.

पोरीचा ऊर भरून आला. ही माझी आई, असं तिला साऱ्या माळाला ओरडून सांगावंसं वाटलं.

प्रमुखांनी पेन्सिल खिशात घातली. "मानलं तुम्हाला! थेट जुन्या साहेबांची जीभ आहे."

आईनं चूळ भरली आणि खुदकन हसली.

"साहेबांच्या तोंडात सदा तंबाखूचा बार. त्यांना कुठली चव कळायला? चाखायची मी, लिहायचे ते."