साराचं पातेलं

पातेल्याच्या आत बोट फिरवून दमयंतीबाईंनी ते नाकाशी नेलं आणि त्यांना शिसारी आली.

"कडूबाई, हे घासलंस? आत राख तशीच आहे. माझी पोटुशी लेक यातलं खाते, शुद्ध आहे का तुला?"

इंदू सातव्या महिन्यात माहेरी, पारनेरला आली होती. गेले दहा दिवस तिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. तिचे वडील दत्तोपंतही शाळेतून आले की मोरीकडे धावत. घरभर ओकारीचा आंबूस वास भरला होता. ठणठणीत होत्या त्या एकट्या दमयंतीबाई. चातुर्मासात त्या दूध आणि केळी, एवढंच घेत.

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, सगळं धुरकट दिसे. पण घाण आपल्या बोटांना बरोबर कळते, असं त्या अभिमानाने सांगत.

"नगरहून आणलेली भांडी घासायची भुकटी का वापरत नाहीस?"

"बोटं सोलली वो बाई तिनं. राखंनंच घासते मी. अन् तुमी बी माझ्या मागनं लई घासू नगा. भांड्याला बी जीव असतो."

सालं निघालेली बोटं तिनं पुढे केली, तशा दमयंतीबाई दोन पावलं मागे सरल्या. असल्या हातांनी भांडी! लढाईपायी कथील मिळेना, कल्हईवाला गावात फिरकेना. तरी अक्षय्य तृतीयेला तो एकदा आला तेव्हा त्यांनी सगळ्या पितळी भांड्यांना आतून कल्हई करून घेतली होती. पितळेत आंबट कळकतं, माणसं ओकतात, हे काय त्यांना कुणी शिकवायला हवं होतं? आणि अशा बाईच्या घरात हा किळसवाणा प्रकार!

कडूबाईला त्यांनी त्याच दिवशी काढून टाकलं.

आता त्या स्वतः घासू लागल्या. भुकटी आणि काथ्या घेऊन रोज दोनदा, खसाखसा. सोवळ्यात असल्यावर स्वयंपाकघरात कुणी पाऊल टाकायचं नाही, हा दंडक होताच. दत्तोपंत दारातूनच म्हणाले, "अहो, जरा मदत करू?"

"आत यायचं नाही!"

इंदूला डोहाळे आंबटाचे. चिंचेचं सार त्या रोज करत आणि वाटी भरून स्वतःच्या हाताने पाजत.

चौथ्या दिवशी इंदूला उठवेना. डॉक्टर म्हणाले, "पोटात काहीतरी बाधतंय. भांडी, पाणी स्वच्छ ठेवा. नाहीतर मूल हाती लागायचं नाही."

दमयंतीबाईंनी त्या दिवशी भांडी तीनदा घासली.

बातमी कानावर गेली तशी कडूबाई धावत आली आणि परसात उभी राहिली. इंदूला साराची शेवटची वाटी नुकतीच पाजून झाली होती. कडूबाईचा आवाज ऐकून दमयंतीबाईंचा संताप उसळला. रिकामं पातेलं विसळून त्यांनी ते उन्हात तिच्यासमोर आदळलं.

"बघ! स्वच्छ म्हणतात ते याला!"

कडूबाई वाकली. तिनं पातेलं उन्हाकडे कलतं केलं.

"बाई," ती हळूच म्हणाली, "ह्यात कल्हई न्हाई ऱ्हायली. आतनं समदं पिवळं हाय."