शिंपल्याचा मांडव

“मांडवाचां तोंड खंयच्या बाजूक करूचां?” दत्तारामने विचारलं.

“धक्क्याकडे.” भिकाजीने काठीने जमिनीवर रेघ ओढली.

“अहो, वारो भरात ना तेच्यात!”

“भरांदे. बोटीतसून उतारलेल्या माणसाक पयलो मांडव दिसाक होयो.”

देवगडच्या बंदरावर नवी बाग तयार झाली होती. नवं राज्य होणार त्या दिवशी, म्हणजे एक मेला, ती खुली व्हायची होती. बागेचा सगळा कारभार दत्तारामकडे. बाजारात त्याचं किराण्याचं दुकान. मांडव म्हणजे चार खांब आणि वर कापड, एवढीच त्याची समजूत. भिकाजीने त्याच्या हातावर खाडीतल्या तिसऱ्यांमधली एक अर्धी उघडलेली शिंपली ठेवली. मागे बिजागरी, तिथून पोफळीच्या चिपा, म्हणजे खोडाच्या उभ्या चिरफळ्या, पंख्यासारख्या वर जाणार, त्यांच्यावर विणलेल्या झावळ्या, आणि पुढे मोकळं तोंड. अख्खं गाव जन्मभर तिसऱ्यांच्या एकशिपीचं कालवण ओरपत आलं होतं, पण शिंपलीच्या आत बसायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. दत्ताराम पोट धरून हसला आणि मग हो म्हणाला.

भिकाजी जामसंड्याला एकटा राहायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक शंकर मुंबईला गोदीत कामाला. भिकाजीचा हात मोठा गुणी. चतुर्थी जवळ आली की मखरासाठी लोक त्याच्या दारात रांग लावायचे. गणपती पाण्यात गेले की भिकाजीची आठवणही त्यांच्याबरोबर बुडायची. मग तो सकाळी पेज शिजवायचा, तीच रात्री पुरवायची आणि मध्ये कोणाशी बोलायचं नाही. एकट्याच्या घरात दिवस कसाबसा सरतो, संध्याकाळ सरत नाही.

मांडवाने ते बदललं. झावळ्या विणायला बायका आल्या, सुंभ वळायला म्हातारे बसले. “भिकाजीनू, ह्यां बगा,” “भिकाजीनू, तां सांगा,” असं दिवसभर चाललेलं असे. भिकाजीला इतकं बरं वाटत होतं की तो रात्री घरी जायची टाळाटाळ करायचा.

काम ऐन रंगात आलं आणि शिवाचा चुलता वारल्याचा निरोप कुणकेश्वराहून आला. शिवा चिपा बांधणारा, त्याच्याइतका घट्ट आवळणारा दुसरा नव्हता. त्याने सुंभ हातातून तिथंच सोडलं आणि तो निघून गेला. सुतकातल्या माणसाने शुभकार्याच्या मांडवाला हात लावायचा नसतो. आता सुतक फिटेपर्यंत शिवा आणि त्याच्या घरची ओटी, बाहेर कुठे जायचं नाही.

“ह्यो निरोप मांडव उभो रवल्यार इलो असतो तर काय बिघाडलां असतां?” दत्ताराम चिडून म्हणाला. “कानार पडलां तर सुतक. आयकलांच नाय तर कसलां सुतक?”

भिकाजीने शिवाचं सुंभ उचललं आणि त्याचं काम स्वतः करायला घेतलं.

त्या संध्याकाळी तो धक्क्यावर गेला. मांडव बघायला ये म्हणून त्याने शंकरला कळवलं होतं, आणि मे महिन्याच्या सुटीसाठी मुंबईचे चाकरमानी येऊ लागले होते. बोट दूर उभी राहिली, पडाव माणसं घेऊन आले आणि रिकामे झाले. शंकर त्यांत नव्हता. सगळे पांगले तरी भिकाजी बराच वेळ धक्क्यावर बसून होता.

सकाळी, चिपा उभ्या करण्याआधी, त्याने मांडवाचं तोंड फिरवलं. धक्क्याकडे पाठ, बाजाराकडे तोंड.

“माझां पटलां म्हणा शेवटी!” दत्ताराम खूश झाला.

“होय. वारो भरतलो होतो.”

“शंकर येतलो मां बघूक?” दत्तारामची बायको सुगंधा झावळी विणता विणता म्हणाली.

“बघूया,” भिकाजी म्हणाला आणि चिपा तासू लागला.

पुढची बोट आली त्या दिवसापासून मात्र माणसं जरा जास्तच मायेने वागू लागली. सुगंधा त्याच्यासाठी रोज घरून जेवण आणू लागली. एकदा वाढताना तिने डोळ्यांना पदर लावला आणि धूर लागला म्हणाली. बागेत चूल नव्हती. भिकाजी खाली बघून जेवत राहिला.

“बोटीर मी जातंय,” दत्ताराम म्हणायचा. “तुमी हयसरच रवा. रात्रीचेसुद्धा घराक जाव नकात. माझ्या ओटीर निजा.”

“बरां,” भिकाजी म्हणायचा.

एक मेला बाग खुली झाली. नारळ फुटला, ताशा वाजला. भर उन्हात शिंपलीच्या आत थंडगार होतं. पाहुण्यांनी मान वर करून चिपांचा पंखा पाहिला आणि हा कोणी केला म्हणून विचारलं. लोकांनी भिकाजीला ढकलत पुढे नेलं. त्याला हार घातला. भिकाजी हात जोडून उभा राहिला. इतकी माणसं त्याच्याभोवती जन्मात कधी जमली नव्हती.

संध्याकाळी गर्दी ओसरली. मांडवात तिघंच उरली. दत्तारामने भिकाजीला खाली बसवलं. सुगंधा आधीच रडू लागली होती.

“भिकाजीनू, शंकर गेलो,” दत्ताराम म्हणाला. “गोदीत ओझां अंगार पडलां. मी बोटीर गेलंय तेवा एका चाकरमान्यान सांगल्यान. तुमच्या कानार पडलां असतां तर मांडव अर्धो रवतो. म्हणान आमी सगळ्यांनी तोंडां बंद ठेवली. आमका माफ करा.”

भिकाजीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“माका तेच्या आदल्याच बोटीतल्या माणसाकडसून कळलां होतां रे,” तो म्हणाला. “पण तोंड उघाडलां असतां, तर तेवापासून सुतक धरून घरात एकट्यानच बसूचां लागलां असतां.”