सुरणाची फोड

भाजीवालीने सुरणाची फोड पुढे केली, तशी शैलाताईंनी मान फिरवली.

वर्षभर लेकीला, केतकीला, शौचातून रक्त जात होतं. "मूळव्याधच आहे, उष्णता वाढलीय तुझी," म्हणत त्या तिला सुरण खाऊ घालत राहिल्या. सव्विसाव्या वर्षी आतड्याचा कॅन्सर कुणाच्या मनात येतो? शेवटी दुर्बिणीने तपासलं, तेव्हा गाठ दिसली.

ऑपरेशननंतर आज डॉक्टरांनी सगळं खायची मुभा दिली होती. शेजारी उभ्या केतकीने ती फोड उचलून पिशवीत टाकली.

"नको गं! याच्या नादात वर्ष घालवलं मी तुझं."

"हात खाजायचे, तरी चिरायचीस माझ्यासाठी. ते विसरू, आई?"

संध्याकाळी शैलाताईंचे हात खाजून लाल झाले. केतकी चिंचेचा कोळ घेऊन बसली आणि आईचं एकेक बोट चोळत राहिली.