पुरातलं नेतृत्व

युद्धात आरमाराचे सेनानी दोन प्रकारचे असतात. एक सल्ला घेऊन हुकूम देणारे, दुसरे नुसताच हुकूम देणारे, आणि लढाई दुसरे जिंकतात. निवृत्त कमांडर इंद्रजीत माने हे सोलापुरातल्या बहुतेक कॉलेजांत सांगून आले होते. त्यांच्या नोकरीच्या काळात एकच युद्ध झालं, तेही डोंगरावर.

सप्टेंबरात सीनेला पूर आला, तेव्हा साहेब रबरी होडी घेऊन स्वतः निघाले. भिमा मेंढपाळ चाळीस मेंढरांसह एका उंचवट्यावर अडकला होता. चहूबाजूंनी गढूळ पाणी होतं आणि त्या मेंढरांपलीकडं त्याच्याकडं दुसरं काही नव्हतं.

"एका खेपेला चार न्यायची. आधी तो शिंगवाला एडका घे," साहेब म्हणाले.

"त्याला शेवटाला घ्या की, साहेब. त्यो म्होरं गेला की समदी त्याच्या मागनं पळत्यात."

"भिमा, युद्धात कमांडरला कुणी सल्ला देत नाही."

"हितं कुटलं आलंय युद्ध? आन मेंढरं माजी हायती."

साहेबांनी एडका स्वतः उचलून होडीत ठेवला. मागोमाग एकोणचाळीस मेंढरांनी होडीत उड्या घेतल्या आणि होडी कलंडली. एडका पोहत काठाकडं निघाला, त्याच्यामागं बाकीची मेंढरं, त्यांच्यामागं भिमा. काठावर त्यानं दोनदा मोजली. चाळीस भरली.

नौदलाच्या परंपरेप्रमाणे कमांडरसाहेबांनी होडी सर्वांत शेवटी सोडली.

पाणी कमरेएवढं होतं.