यादीतलं गाव

धरणात घर गेलेल्यांसाठी कारंज्याच्या आमच्या संस्थेनं वेबसाईट केली. मोठी अक्षरं, वाचता न येणाऱ्यांसाठी वाचून दाखवणारा आवाज. मजकूर मी तपासला, चूक राहील म्हणून भीतभीतच. मदतीचा पहिला अर्ज दुर्गाबाई भरत होत्या. "तुमचं गाव निवडा," आवाज म्हणाला. यादीत त्यांचं गावच नव्हतं.

"आजी, बुडालेलं गाव कायले शोधता? दुसरं कोणतंबी टाका," वेबसाईट करणारा विनोद म्हणाला.

"घर नेलं, वावर नेलं. आता नावबी नेता काय रे?" त्या ताडकन उठून गेल्या.

मी जन्मात पहिल्यांदा कोणावर ओरडलो. "ही यादी कोणी केली?"

विनोदनं तपासलेल्या यादीचा कागद पुढे केला.



त्या गावावर लाल रेघ होती, आणि शेजारी माझ्याच नेटक्या अक्षरात: 'असे गाव अस्तित्वात नाही.'